गाळावरची गुढी

मी एसटीत आयुष्य काढलं. बीड, केज, अंबाजोगाई, कधी कड्याकडची गाडी, तर कधी लातूरला मुक्काम. गाडी कधी सुटणार हे मला विचारल्याशिवाय कुणी बोलू नये असा माझा स्वभाव झाला, आणि निवृत्तीनंतरही तो काही गेला नाही. घरी पाहुणे आले की ते कधी उठतील हे मी चहा येण्याआधीच ओळखतो. वनमाला, म्हणजे माझी बायको, म्हणते की या माणसाला स्टँडवरच ठेवून घ्यायला पाहिजे होतं.

हे सांगायचं कारण असं, की यंदा शिमग्याच्या सुमारास मी चार लोकांसमोर पाखरांची सुटायची वेळ सांगितली आणि तोंडघशी पडलो. खरं म्हणजे वेळ माझी बरोबर होती, पाडवाच चुकीच्या जागी आला. पण हे गावाला पटवून देणं अवघड आहे.

आमचं गाव मांजरा धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं आणि जसजसं ते मागे सरकतं तसतसा खालचा गाळ उघडा पडतो. कागदावर ती जमीन सरकारची. पण काळीभोर, लोण्यासारखी मऊ, खत नको की पाणी नको, बी टाकलं की उगवलंच म्हणून समजा. मग ज्याचं शेत काठाला असेल तो आपल्या बांधासमोरचा पट्टा धरतो आणि त्यात टरबूज, काकडी, जनावरांना मका असं काहीबाही घेतो.

यावरून डोकी फुटू नयेत म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली आहे. पाडव्यापर्यंत पट्टा बांधवाल्याचा. पाडव्याच्या दिवशी मात्र बांधापासून थेट पाण्यापर्यंत त्याची एक तरी सलग पेरलेली ओळ दिसली पाहिजे. त्या दिवशी ती पुरी व्हायच्या आत दुसऱ्या कुणी तशी ओळ घातली, किंवा दिवेलागणीपर्यंत ती दिसलीच नाही, तर ओळ घालील त्या दुसऱ्याचा तो पट्टा, आणि मग पुढं कायमचाच त्याचा. पाणी रोज मागे जात असतं, त्यामुळे आधी घातलेली ओळ पाडव्याला तोकडी पडते. म्हणून शहाणी माणसं अगोदर सगळं पेरून ठेवतात आणि पाडव्याला तेवढा शेवटचा ओला तुकडा पुरा करतात.

आमच्या पट्ट्याला गावात वनमालाचा पट्टा म्हणतात. ते बरोबरच आहे, कारण मी गाड्या हाकत होतो तेव्हा त्यात वाकून काकडी तिनं पिकवली. केजच्या बाजारात तिच्या काकडीला गिऱ्हाईक थांबून असतं. आमच्या दोन म्हशी उन्हाळाभर त्या पट्ट्यावरच्या मक्यावर जगतात. मी त्या पट्ट्यात काय केलं असेल तर सुट्टीच्या दिवशी बांधावर बसून सूचना दिल्या.

निवृत्त झालो त्या वर्षी मी पहिल्यांदा फाल्गुन महिना पुरा गावात काढला. एका संध्याकाळी पंपाचा पाइप बघायला पाण्यापर्यंत गेलो होतो. गाळाच्या कडेला लांब चोचीची पाखरं होती, ती दरवर्षीच असतात, दिवाळीला येतात. त्यांच्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही. त्या दिवशी त्यांच्यात काहीतरी गडबड चालली होती. खाणं सोडून सगळी एका जागी गोळा झाली होती आणि सारखी ओरडत होती. मग एक थवा उठला, डोक्यावर गोल गोल फिरत वर चढला, आणि वर गेल्यावर त्याची तिरपी रांग झाली. ती रांग उत्तरेला निघाली ती परत वळली नाही. मागून दुसरा थवा, मग तिसरा. अंधार पडायच्या आत गाळ रिकामा. मी पाइप तिथंच टाकून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, का ते मला अजून कळलेलं नाही.

घरी येऊन मी वनमालाला सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, पाखरं गेली. ती म्हणाली, गेली तर गेली, दिवाळीला येतील. मी म्हणालो, तसं नाही, ती कशी गेली ते बघायला पाहिजे होतंस. कशी गेली, म्हणून तिनं विचारलं, आणि मला काही सांगता येईना. मी हात वर करून गोल फिरवला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, जेवून घ्या.

तेव्हापासून माझ्या मनात होतं की पुढच्या वर्षी हिला हे दाखवायचंच.

यंदा पाऊसकाळ बरा झाला होता, पाणी उशिरा उतरलं. शिमग्याला आमच्या पट्ट्याचा खालचा सगळा भाग ओला होता आणि पाखरं तिथं नुसती दाटली होती. आमेर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला केजहून येतो. त्यानं मोबाइलवर फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तासाभरात मला माहिती दिली. हे पाणटिवळे. इथून हिमालयाच्या पलीकडे जातात आणि तिथं अंडी घालतात. निघायच्या आधी चिखलातले किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात, तेवढ्यावरच पुढचा प्रवास. वाटेत धाबा नाही, चहा नाही. मी लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेल्या आहेत, पण असली ड्युटी मला कधी लागली नाही.

घरी जाऊन मी जाहीर केलं की पाखरं जाईपर्यंत आपल्या पट्ट्याच्या खालच्या भागात कुणी पाय ठेवायचा नाही. वनमाला म्हणाली की वरचा भाग पेरून झालाय, खालचा पेरायचे हेच दिवस आहेत, आणि पाखरांना बाकीचा काठ पडलाय. पण बाकीच्या काठावर कुठं मोटारी, कुठं कुत्री, कुठं नांगरलेलं. चिखल राहिला होता तो फक्त आमच्यात आणि शेजारच्या विजयसिंहच्या तुकड्यात, आणि त्याचा तुकडाही परवाच त्यानं ट्रॅक्टरनं उलथून टाकला होता.

शेवटी मी तिचंच तिला सुनावलं. आमच्या घरात एक नियम आहे आणि तो तिनं घालून दिलेला आहे. जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवायचं नाही. पोस्टमन असो, पोतराज असो, नाहीतर वसुलीवाला असो. एकदा बीडला कोर्टाची तारीख होती आणि माझा भाऊ जेवत होता, तर हिनं जीप थांबवून धरली होती. मी म्हणालो, ही जेवतायत. तिनं हातातलं बियाणं परत डब्यात ओतलं. मग म्हणाली, "कधी जातील ती?"

मी म्हणालो, पाडव्याच्या आधी चार दिवस. गेल्या वर्षी तशीच गेली होती.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात विजयसिंहनं सगळ्यांसमोर विचारलं की काय डायवर, यंदा पट्टा पाखरांना दिला म्हणे. विजयसिंह आमच्या भागातला पुढारी. माणूस वाईट नाही. कुणाच्या मयतीला हजर, कुणाच्या लग्नाला हजर, फक्त मोकळी जमीन दिसली की त्याला राहवत नाही. दुधाचा धंदा मोठा आहे, चारा किती आणला तरी पुरत नाही. त्याच्या बोलण्यावर सगळे हसले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, पाडव्याच्या आधी चार दिवस गाळ रिकामा होईल, आणि नाही झाला तर पाडव्यालाही मी पाखरांमध्ये पाय घालणार नाही, लिहून ठेवा.

विजयसिंह म्हणाला, लिहून कशाला, एवढी माणसं ऐकतायत की.

हे घरी कळायला किती वेळ लागणार? मी पोचायच्या आत कळलं होतं. वनमालानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बोट दाखवलं. "गेल्या साली पाडवा मार्चच्या शेवटाला हुता. यंदा अकरा दिवस अगोदर हाय. तुमची पाखरं पंचांग बघत्यात का?"

मी कॅलेंडर उलटसुलट करून बघितलं. सगळं आयुष्य वेळापत्रकावर काढलेला माणूस मी, आणि तिथीवर गाडी सोडून बसलो होतो. यंदा पुढे धोंड्याचा महिना आहे, त्यामुळे सगळे सण अलीकडे सरकले आहेत, हे शेंबड्या पोराला कळतं. पाखरं सूर्यावर चालतात, पाडवा चंद्रावर. मला माझाच राग आला आणि तो मी म्हशीवर काढला.

त्यानंतरचे दिवस घरात चहाचा कप जरा जोरात ठेवला जायचा, एवढंच सांगतो. वनमाला भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. रोज सकाळी ती बांधापर्यंत यायची, गाळाकडे बघायची, पाखरं आहेत हे बघून परत जायची. मी रोज सांगायचो, आता छातीचा रंग विटकरी व्हायला लागलाय, म्हणजे दिवस भरलेत. ती म्हणायची, बरं. पट्टा गेला तर तिचा जाणार होता, आणि शब्द मी देऊन बसलो होतो. रात्री मला झोप लागत नव्हती, पण दिवसा मी कुणाला तसं दिसू दिलं नाही.

पाडव्याच्या दिवशी जाग आली तेव्हा वनमाला अंगणात होती. गुढीचा कळक धुऊन झाला होता. नवं खणाचं कापड, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, वर तांब्या, सगळं जागच्या जागी. मला वाटलं आता दारात उभी करायची, म्हणून मी पाट घेऊन गेलो. ती म्हणाली, पाट राहू द्या, कळक धरा. आणि आम्ही दोघं ती गुढी आडवी धरून शेताकडे निघालो. बघणारे बघत राहिले.

बांध संपून गाळ सुरू होतो तिथं, पट्ट्याच्या अगदी तोंडावर, तिनं ती उभी केली. बुडाला दगड लावले, हळदकुंकू वाहिलं. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे उभ्या गुढीच्या जागेत कुणी नांगर घालत नाही, खुरपंसुद्धा लावत नाही. विजयसिंह काय, त्याच्या पक्षाचा मोठा साहेब आला तरी हे करणार नाही. म्हणजे दिवसभर ट्रॅक्टर अडला. पण रीत सगळ्यांना सारखी, त्यामुळे आम्हालाही बी टाकता येणार नव्हतं. गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते. ती उतरल्यापासून दिवे लागेपर्यंत जो काही थोडा वेळ मिळेल त्यात काय ते करायचं. तिनं पाखरांना एक दिवस काढून दिला होता, आणि स्वतःसाठी जेमतेम अर्धा तास ठेवला होता.

मी तिला म्हणालो की एवढं करायची काय गरज होती. ती म्हणाली, "जेवू द्या. आता वाढलंय तर पुरं जेवू द्या."

ट्रॅक्टर ऊन चढायच्या आत आलाच. चालवायला त्याचा गडी आदिनाथ, मागे पेरणी यंत्र, आणि शेजारी बुलेटवर पांढऱ्या कपड्यांत विजयसिंह. गुढी बघून त्यानं आधी चप्पल काढून नमस्कार केला. मग हसत हसत वनमालाला म्हणाला, "काकू, गुढी घरापुढं असती."

"माझं घर ह्याच्यावरच चाललं, भाऊ," वनमाला म्हणाली.

त्यानं आदिनाथला हातानं खूण केली. आदिनाथनं ट्रॅक्टर बाभळीखाली नेऊन लावला आणि सीटवर पेपर तोंडावर घेऊन झोपला. विजयसिंह म्हणाला, ठीक आहे, संध्याकाळी येतो, आणि त्याला ज्या बारा ठिकाणी गुढ्यांना जायचं होतं तिकडे गेला.

मी दिवसभर बांधावरून हललो नाही. पुरणपोळी तिनं तिथंच आणून दिली. सकाळभर पाखरं खात होती, चोच मुळापर्यंत चिखलात, मान वर करायला फुरसत नाही. दुपारी ऊन चटकायला लागलं आणि मला काहीच फरक दिसेना. मी मनात म्हणालो, राधाकिशन, आता गाडी रद्द झाली असं समज. मग उन्हं कलल्यावर त्यातली काही पाण्यात उतरली आणि अंग धुवायला लागली. पंख झाडायची, पिसांतून चोच फिरवायची, परत पाणी उडवायची. बघता बघता सगळ्यांनी खाणं सोडलं. मी उठून उभा राहिलो आणि वनमालाला हाक मारली. म्हणालो, आज जाणार. ती म्हणाली, आज म्हणजे कधी, गुढी उतरायच्या आधी का नंतर? ते मला सांगता येत नव्हतं, तरी मी छातीवर हात ठेवून आज म्हणालो.

संध्याकाळी बांधावर निम्मा गाव जमला. कुणाला पाखरांचं पडलेलं नव्हतं, पट्टा जातो की राहतो ते बघायचं होतं. आमेरही आला होता. त्याचा रोजा होता, शिवाय ईदचा चांद आमच्या काठावरून स्वच्छ दिसतो. त्यानं खिशात खजुराची पुडी ठेवली होती आणि एक डोळा आभाळावर ठेवला होता. विजयसिंह आला, कपाळावर दिवसभराचे गंध एकावर एक चढलेले.

सूर्य पाण्याला टेकायला आला. वनमालानं माझ्याकडे बघितलं. खाली पाखरं एका जागी गोळा होऊन ओरडत होती, पण एकही उठत नव्हतं. मला वाटत होतं तिनं आणखी थोडं थांबावं. सूर्य पुरता बुडेपर्यंत गुढी ठेवली तर कोण काय बोलणार होतं? पण वनमाला तसली नाही. तिनं हळदकुंकू वाहिलं, साखर ठेवली, नमस्कार केला आणि गुढी उतरवली. कापडाची घडी घालून माझ्या हातात दिली.

विजयसिंहनं मान हलवली आणि आदिनाथनं ट्रॅक्टर चालू केला.

मला चिखल कळतो. पावसाळ्यात मी कितीतरी गाड्या खड्ड्यातून काढल्या आहेत. तो वरून वाळल्यासारखा दिसणारा पापुद्रा आणि त्याखालचं सगळं, मी बघताक्षणी सांगितलं असतं. पण मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. ट्रॅक्टर वरच्या पेरलेल्या भागाच्या कडेनं उतरला, ओल्यात शिरला, आणि दहा-पंधरा पावलांवर मागची चाकं बसली. आदिनाथनं गॅस दिला. जितका गॅस दिला तितका ट्रॅक्टर खाली गेला. चिखलाचे फवारे विजयसिंहच्या पांढऱ्या कपड्यांपर्यंत आले. लोक हसायला लागले.

त्या आवाजानं पाखरं उठली.  वाटलं, गेली पलीकडच्या काठावर, कुत्र्यांत, सगळं वाया. थवा आमच्या डोक्यावरून गेला, वळला, परत आला. आणि मग वर चढायला लागला. गोल फिरत, प्रत्येक फेरीला थोडा उंच. आदिनाथनं इंजिन बंद केलं.  वर अजून ऊन होतं, खाली नव्हतं, आणि ती पाखरं त्या उन्हात शिरली तेव्हा त्यांच्या पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम उजळले. मग रांग झाली. तिरपी, एका बाजूला लांब. तिनं उत्तरेला तोंड केलं आणि निघाली.

"या अल्ला," आमेर हळूच म्हणाला. त्याच्या हातात खजूर तसाच होता.

मी विजयसिंहकडे बघितलं. तो कपाळावर हात आडवा धरून वर बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. सगळा बांध वर बघत होता. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. मी वनमालाला दाखवायला वळलो, तर ती शेजारी नव्हती.

ती चिखलात होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पिंढरीपर्यंत गाळ, पदरात बी, आणि वाकून एकेक बी बोटानं टोबत ती पाण्याकडे चालली होती. निम्म्याच्या पुढे गेली होती. वरून तो सगळा थवा गेला, बांधावरच्या माणसांनी बघितला, आणि हिनं मान वर केली नव्हती. बांधापासून तिच्यापर्यंत एक सरळ ओळ आली होती. माझ्यासाठी दिवसभर थांबून राहिलेली बाई ती, आणि जे तिला दाखवायला मी हा सगळा उद्योग करून ठेवला ते तिनं एकटीनंच बघितलं नव्हतं. मला लाज वाटली आणि तिच्याबद्दल माया दाटून आली.

तेवढ्यात ती थांबली. पाण्याच्या अलीकडे वीस-एक पावलं असतील. मला आधी कळेना कशासाठी थांबली, मग दिसलं. सगळी पाखरं गेली नव्हती. पाण्याच्या अगदी कडेला एक लहान थवा अजून खालीच होता, ओरडत, पंख झाडत, निघायच्या बेतात. आणखी पुढे गेली असती तर तिनं त्यांना उठवलं असतं. ती पदर धरून तशीच उभी राहिली.

बांधावर आता सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. कुणीतरी म्हणालं, देवळात दिवा लावायला पुजारी गेला. विजयसिंहनं आदिनाथला खाली उतरून हातानं बी टाकायला सांगितलं. आदिनाथ उतरला. त्याची एक चप्पल चिखलात अडकली आणि ती शोधायला त्यानं जो वेळ लावला, तेवढा कुणी चप्पल शोधायला लावलेला मी बघितलेला नाही.

मी चिखलात उतरलो. लिहून ठेवा म्हणालो होतो ना, की पाखरांमध्ये पाय घालणार नाही? तर मी पाखरांपर्यंत गेलोच नाही, वनमालापर्यंत गेलो. गुडघे दुखत होते, दोनदा हात टेकावे लागले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून हायत की. किती येळ लागंल?"

"आत्ता जातील. बी इकडं दे."

"तुमाला टोबता येत न्हाई."

"तू वर बघ. बी मी बघतो."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, चेष्टा करतोय की काय म्हणून. मग पदरातलं बी माझ्या उपरण्यात ओतलं.

पुढचा थवा उठला तेव्हा मी वाकलेला होतो. पंखांचा फडफडाट आला, अगदी जवळून, एखाद्या बाईनं ओली चादर झटकावी तसा. मग त्यांचे आवाज डोक्यावर, मग मागे, मग परत डोक्यावर, जरा वर. मला मान वर करायची इतकी इच्छा झाली की मानेच्या शिरा दुखल्या. पण पाखरं उठली त्या क्षणी समोरचा गाळ मोकळा झाला होता आणि देवळातल्या घंटेला आता कधीही हात लागणार होता. मी बोट रुतवत गेलो, बी, माती, बी, माती. माझी ओळ तिच्या ओळीसारखी सरळ नव्हती. बसचं स्टिअरिंग वेगळं आणि हे वेगळं. शेवटचं बी टाकायला हात पुढे केला तो पाण्यात गेला.

"पोचली का वो, डायवर?" बांधावरून विजयसिंहची हाक आली.

मी काही बोलायच्या आत आदिनाथ ओरडला, "पोचली भाऊ, पोचली." मग घंटा वाजली, आणि गावात एकेक दिवा दिसायला लागला.

मी कमरेवर हात ठेवून कसाबसा सरळ झालो. आभाळात बघितलं. उत्तरेला काही नव्हतं, नुसता जांभळा उजेड होता. काठ रिकामा होता. वनमाला मी सोडली होती तिथंच उभी होती, चिखलाचे हात अंगापासून लांब धरून, मान मागे टाकून. तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला कधी अशी रिकाम्या हातानं उभी राहिलेली मी बघितली नव्हती.

मी तिच्याजवळ गेलो आणि विचारलं, "कशी गेली?"

तिनं हातानंच मला थांबवलं.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. "अजून ऐकू येतंय."